धुऱ्यापलीकडील पराग

भाद्रपदाच्या सुमारास वऱ्हाडांत सकाळीं नऊदहाच्या वेळीं कपाशीच्या शेतांत कोणी उभा राहिला, तर त्यास एकाच झाडावर दोन रंगांचीं फुलें दिसतात. कांहीं फुलें फिकट पिवळीं, सायीच्या रंगाचीं असतात; कांहीं गुलाबी, मिटत आलेलीं असतात. नवख्या माणसास वाटतें कीं, हा दोन जातींचा मेळ आहे. वस्तुतः पिवळें फूल आज सकाळीं उमललेलें असतें आणि गुलाबी फूल काल उमललेलें असतें. कपाशीच्या फुलाचें आयुष्य एवढेंच. एका दिवसांत त्यानें आपलें कार्य उरकावयाचें, दुसऱ्या दिवशीं रंग पालटावयाचा, आणि मग पाकळ्या गळून मागें बोंड राहावयाचें. माझें आजचें बोलणें त्या एका दिवसासंबंधीं आहे. कारण त्या दिवशीं शेजारच्या शेतांतून एखादी मधमाशी त्या फुलावर येऊन बसली, तर दोन शेतकऱ्यांमध्यें असा एक व्यवहार घडून येतो कीं, जो दोघांपैकीं एकानेंही ठरविलेला नसतो आणि ज्याचा कागद कोठेंही होत नाहीं.

धुऱ्याच्या अलीकडील आणि पलीकडील या दोन शेतकऱ्यांची ओळख प्रथम करून देतों. पलीकडचा शेतकरी बीटी कपाशी पेरतो. मातींत आढळणाऱ्या एका सूक्ष्म जंतूचें जनुक काढून तें या कपाशींत घातलेलें आहे; त्यामुळें झाड स्वतःच एक विष तयार करतें आणि बोंडअळीनें पान किंवा बोंड कुरतडलें कीं ती मरते. मार्च २००२ मध्यें केंद्र सरकारच्या समितीनें अशा तीन संकरित वाणांस प्रथम परवानगी दिली, आणि आज देशांतील कपाशीच्या दहा एकरांपैकीं नऊ एकरांहून अधिक क्षेत्र बीटी कपाशीनें व्यापिलें आहे. अलीकडचा शेतकरी सेंद्रिय कापूस पिकवितो. तो रासायनिक खत घालीत नाहीं, रासायनिक औषध फवारीत नाहीं, आणि जनुक बदललेलें बियाणें पेरणें त्यास निषिद्ध आहे. सेंद्रिय शेतीचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशांत २००१ सालापासून चालू आहे. त्याच्या नियमांप्रमाणें कांहीं वर्षें जमीन रसायनांवांचून ठेवल्यावर, तपासनीस येऊन पाहून गेल्यावर, मग प्रमाणपत्र मिळतें. त्या कागदाच्या बळावर त्याच्या कापसाला बाजारांत थोडा अधिक भाव येतो. सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्या देशांत भारताचें स्थान अग्रभागीं आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल.

यांत एक गंमत आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ज्या जंतूचें जनुक बीटी कपाशींत घातलें आहे, तो जंतु १९०१ सालीं जपानांत रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध घेतांना प्रथम सांपडला, आणि पुढें जर्मनींतील थुरिंगिया प्रांतावरून त्याचें नांव पडलें. तोच जंतु पाण्यांत कालवून पिकावर फवारण्याची मुभा सेंद्रिय शेतकऱ्यास आहे! तेव्हां त्याचें भांडण त्या जंतूशीं नाहीं. फवारलेला जंतु उन्हानें चार दिवसांत निकामी होतो. झाडांत शिरलेलें जनुक मात्र बियांत उतरतें आणि पिढ्यान् पिढ्या चालत राहतें. सेंद्रिय शेतीच्या नियमांनीं रेघ ओढली आहे ती येथें. बीटी कपाशी चांगली कीं वाईट, हा आजचा विषय नव्हे. ज्यानें ती पेरावयाची नाहीं असें ठरविलें, त्याच्या शेतांत ती न पेरतां कशी येते, आणि येऊं नये म्हणून काय करावें, एवढेंच सांगावयाचें आहे.

आतां फुलाकडे वळूं. कपाशी ही भेंडीच्या आणि जास्वंदीच्या कुळांतली. जास्वंदीच्या फुलांत मधोमध एक दांडा पुढें आलेला असतो, त्याच्या अंगावर पुंकेसरांचे पिवळे ठिपके असतात आणि टोंकास स्त्रीकेसराचें अग्र असतें, हें आपण परसांत नित्य पाहतों. कपाशीच्या फुलाची घडण तशीच आहे. दांडा तेवढा आखूड. पुंकेसर आणि स्त्रीकेसराचें अग्र हीं इतकीं जवळ असतात कीं, बहुतेक बीजधारणा त्याच फुलांतील परागानें होते. म्हणून कपाशीला मुख्यत्वें स्वपरागित पीक म्हणतात. परंतु "मुख्यत्वें" हा शब्द ध्यानांत ठेवावयाचा. कपाशीचा परागकण जड, चिकट आणि कांटेरी असतो. मक्याचा किंवा बाजरीचा पराग वारा वाहून नेतो. कपाशीचा पराग न्यावयाला पंख असलेला हमालच लागतो. तो हमाल म्हणजे मधमाश्या आणि भुंगे. ज्या प्रदेशांत त्यांची संख्या थोडी, तेथें शंभर बियांत दोनचार बियाच परक्या परागाच्या निघतात. जेथें ती पुष्कळ, तेथें हें प्रमाण वीसतीसपर्यंतही गेल्याचीं निरीक्षणें आहेत. एकमेकींस लागून असलेल्या ओळींत हा संकर सर्वांत अधिक होतो. पुढें अंतर वाढत जाईल तसा तो झपाट्यानें कमी होतो. पण अमुक मीटरांवर तो शून्य झाला, असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं, कारण मधमाशी मीटर मोजून उडत नाहीं.

येथें सेंद्रिय शेतकऱ्याच्या नशिबाचा एक विपरीत खेळ दिसतो. विषारी औषधें न फवारल्यामुळें त्याच्या शेतांत मधमाश्या अधिक, भुंगे अधिक. म्हणजे ज्या सद्वर्तनानें त्याची जमीन आणि तिच्यावरील जीवसृष्टि सुधारते, त्याच सद्वर्तनानें परक्या परागास त्याच्या घराचा दरवाजा अधिक उघडा राहतो.

कोणी विचारील, अशा परक्या परागानें त्याच्या कापसांत नेमकें काय बिघडतें? याचें उत्तर थोडें आश्चर्यकारक आहे. रुईंत कांहींच बिघडत नाहीं. रुईचा प्रत्येक तंतु म्हणजे सरकीच्या सालीवरील एका पेशीची वाढून झालेली लांबच लांब नळी होय, आणि साल ही संपूर्णपणें आईच्या देहाची. बाप कोणीही असो, बाळाचें पहिलें दुपटें आईच्या लुगड्याचेंच असतें, तसाच हा प्रकार. परक्या परागाचा अंश सालीच्या आंत, सरकीच्या गाभ्यांत, म्हणजे पुढच्या वर्षींच्या रोपांत जातो. तेव्हां ज्यास केवळ या वर्षींचा कापूस विकावयाचा आहे, त्याची रुई शेजाऱ्याच्या परागानें बाटत नाहीं. ज्यास सरकी राखून पुढच्या वर्षीं पेरावयाची आहे, त्याच्यावर मात्र संकट आहे.

मक्याची गोष्ट याहून निराळी. पांढऱ्या मक्याच्या शेजारीं पिवळा मका लावला, तर पांढऱ्या कणसांत मधून मधून पिवळे दाणे भरतात, हें ज्यांनीं मका लावला आहे त्यांनीं पाहिलें असेल. मक्याच्या दाण्याचा जो भाग आपण खातों, त्यांतच बापाचा वांटा असतो. म्हणून तेथें त्याच हंगामांत, विकावयाच्या धान्यांतच, परका अंश येतो. वाऱ्यावर चालणारा पराग आणि धान्यच विक्रीचा माल, अशी दुहेरी अडचण असल्यामुळें परदेशांत या विषयावरील वाद मक्यावरून अधिक पेटले. मक्याचें मूळ घर जें मेक्सिको, तेथील ओआहाका प्रांतांतील डोंगरी खेड्यांत देशी मक्यामध्यें परकें जनुक सांपडल्याचें वृत्त नोव्हेंबर २००१ मध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां तर त्या वृत्ताच्या खरेखोटेपणावरूनच शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षें जुंपली. असो.

आपण कपाशीकडे परत येऊं. पहिल्या वर्षीं शंभरांत दोन बिया परक्या जनुकाच्या निघाल्या, तर त्यांत काय मोठेंसें, असें वाटणें साहजिक आहे. पण शेतकरी सरकी राखतो ती दरवर्षीं. पहिल्या वर्षींच्या दोन बियांचीं झाडें होतात, त्या झाडांच्या बियांतून कांहींत तें जनुक उतरतें, आणि वर शेजाऱ्याकडून नव्या दोन येतात. साधा हिशेब केला तरी पांचव्या वर्षीं शंभरांत सुमारें सात झाडें जनुक बाळगणारीं होतात. हा हिशेब बोंडअळी नाहीं असें धरून केलेला आहे. प्रत्यक्षांत अळी असते, सेंद्रिय शेतांत तिच्यावर जालीम औषधाचा मारा नसतो, आणि अळीनें जीं झाडें पोखरलीं तीं कमी बोंडें देतात, तर ज्यांत तें जनुक शिरलें आहे तीं तुलनेनें भरघोस दिसतात. बियांसाठीं बोंडें निवडतांना आपला हात भरघोस झाडाकडेच जातो! म्हणजे निसर्ग आणि शेतकरी दोघेही, न कळत, त्या पाहुण्याचीच निवड करतात. या एका कारणानें घरचें बियाणें राखणाऱ्यानें प्रारंभापासून दक्ष असावें, असें माझें मत आहे. थोडासा दिलासा इतकाच कीं, बाजारांतील बीटी कपाशी संकरित असते, जनुक तिला एका पालकाकडूनच मिळालेलें असतें, आणि त्यामुळें तिच्या सर्वच परागकणांत तें उतरत नाहीं.

मग उपाय काय? पहिला आणि सर्वांस सुचणारा उपाय म्हणजे अंतर. कपाशीचें प्रमाणित बियाणें तयार करावयाचें असेल, तर दुसऱ्या कपाशीपासून तीस मीटर, आणि पायाभूत बियाण्यासाठीं पन्नास मीटर अंतर राखावें, असा आपल्याकडील बीजप्रमाणनाचा दंडक आहे. मक्याला याच कामासाठीं दोनशें आणि चारशें मीटर लागतात. तीस मीटर हें ऐकावयास थोडें वाटतें. पण पांच एकरांचें एक चौकोनी शेत घ्या आणि त्याच्या चारही धुऱ्यांपासून तीसतीस मीटर आंत या. मध्यें उरते ती जमीन पावणेदोन एकरांहूनही कमी असते. पांच एकरांतील सव्वातीन एकर केवळ शेजाऱ्याच्या परागापासून अंतर राखण्यांत गेले! ज्याच्या नांवावर पांचशें एकर आहेत, त्याला या पट्ट्याची पर्वा नाहीं. ज्याच्या नांवावर पांच आहेत, त्याचें पोट त्या पट्ट्यांतच आहे. अमेरिकेंत किंवा ऑस्ट्रेलियांत तयार झालेल्या सल्ल्यांची पुस्तकें आपल्याकडे जशींच्या तशीं कां लागू पडत नाहींत, हें या एका हिशेबावरून कळावें.

यांतून वाट आहे, आणि ती मघांशीं सांगितलेल्या गोष्टींतूनच निघते. रुई बाटत नाहीं, सरकी बाटते. तेव्हां साऱ्या शेतास अंतर राखण्याचें कारण नाहीं. बियाण्यासाठीं ठेवलेल्या तुकड्यास तेवढें तें पुरे. शेताच्या मध्यभागीं एक लहानसा तुकडा आंखून घ्यावा, बियाण्याचीं बोंडें तेथूनच वेचावीं, आणि कडेच्या ओळींचा कापूस सरकीसकट विकून टाकावा. कडेच्या त्या ओळी फुकट जात नाहींत. पलीकडून आलेली मधमाशी बहुधा पहिल्या फुलावर थांबते आणि अंगावरील पराग तेथेंच झाडते, म्हणून त्या ओळी आंतल्या तुकड्याची तटबंदी होतात. धुऱ्यावर तुरीचे किंवा ज्वारीचे दाट तास घालणेंही चांगलें; पण उंच पिकाच्या भिंतीनें मधमाशी अडते असें मात्र कोणी समजूं नये. ती वरून जाते.

मक्यांत दोन पेरण्यांमध्यें तीनचार आठवड्यांचें अंतर टाकून फुलोऱ्याचा काळच चुकवितां येतो. कपाशींत ही युक्ति चालत नाहीं. कपाशीला एकदां फूल लागलें कीं पुढें दोन महिने तें लागतच राहतें, आणि आपल्या कोरडवाहू मुलखांत पेरणी पावसाच्या मर्जीवर होते, आपल्या नव्हे.

यापुढचा उपाय मला विशेष मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या आजेपणजांच्या शेतांत होता. कपाशीचे मुख्य दोन वंश आहेत. एक देशी, जिला आपण गावरान म्हणतों; दुसरा अमेरिकन. देशी कपाशीच्या पेशींत २६ रंगसूत्रें असतात, अमेरिकन कपाशीच्या पेशींत ५२. बीटी जनुक बाजारांत आहे तें अमेरिकन वंशाच्या कपाशींत. अमेरिकन कपाशीचा पराग देशी फुलावर पडला तर सहसा बी धरत नाहीं, आणि क्वचित् धरलेंच तर त्या रोपांत ३९ रंगसूत्रें येऊन तें वांझ निपजतें. घोडा आणि गाढव यांचें खेंचर होतें, पण खेंचराचा वंश चालत नाहीं, तसेंच हें. म्हणजे जो शेतकरी गावरान कपाशी पेरतो, त्याच्या भोंवतीं निसर्गानेंच एक अदृश्य कुंपण घातलें आहे. त्याला तीस मीटरांची किंवा तीन मीटरांचीही चिंता नको. स्वातंत्र्य मिळालें त्या वेळीं या देशांतील बहुतेक सर्व कपाशी देशीच होती. पुढें गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा झाला, १९७० सालीं सुरतेंत जगांतील पहिला व्यापारी संकरित वाण निघाला, मग बीटी आली, आणि गावरान कपाशी मूठभर शेतांत उरली. तिचा धागा आखूड, बोंड लहान, वेचणीस अधिक मजूर लागतात, हे तिचे दोष मी लपवीत नाहीं. परंतु पावसानें ओढ दिली तरी ती तग धरते, रस शोषणाऱ्या किडींना अमेरिकनपेक्षां बरी टक्कर देते, आणि अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें तिचे सुधारलेले वाण काढलेले आहेत. सेंद्रिय कापूस घेणाऱ्यांनीं तिच्या आखूड धाग्यास योग्य भाव दिला, तर परागाचा अर्धा प्रश्न आपोआप सुटेल.

ज्यांना अमेरिकन कपाशीचा सरळ वाणच ठेवावयाचा आहे, त्यांच्यासाठीं एक जुनी हातोटी सांगतों. वाण निपजविणारे शास्त्रज्ञ ती नित्य वापरतात, पण तिला प्रयोगशाळा लागत नाहीं. लागतो तो सुताचा एक धागा. जें पातें उद्यां सकाळीं उमलणार, तें आज संध्याकाळीं ओळखूं येतें. त्याच्या पाकळ्यांची गुंडाळी पानांच्या वर मेणबत्तीसारखी निघालेली असते. त्या गुंडाळीचें टोंक धाग्यानें हलकेंच बांधून टाकावें. सकाळीं फूल उमलूं पाहतें, पण उघडत नाहीं. माशीला आंत वाट मिळत नाहीं, आणि फुलांतील पराग त्याच फुलाच्या कामास येतो. बांधलेल्या फुलाच्या देंठास रंगीत दोरा अडकवून ठेवावा, म्हणजे वेचणीच्या वेळीं तें बोंड ओळखूं येईल. एका बोंडांत साधारण पंचवीसतीस सरक्या धरल्या, तर चारपांचशें बोंडांत एक किलो सरकी निघते. दररोज संध्याकाळीं तास दीड तास, असे कांहीं दिवस घरच्या दोन माणसांनीं हें काम केलें, तर मूळ बियाणें शुद्ध राहतें, आणि त्याच बियाण्याचा विस्तार पुढच्या वर्षीं मधल्या तुकड्यांत करतां येतो. काम किचकट आहे हें खरें. पण संकरित बियाणें करण्यासाठीं हजारों फुलें हातानें खुडून हातानें पराग लावणाऱ्या बायका याच देशांत आहेत, त्यांच्या मानानें हें कांहींच नव्हे.

परागाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गडबड होते ती माणसाच्या हातानें. एकच गाडी, एकच गोणपाट, एकच जिनिंगचें यंत्र; आदल्या दिवशींची बीटी सरकी यंत्राच्या फटींत राहून जाते आणि दुसऱ्या दिवशीं सेंद्रिय मालांत मिसळते. शास्त्रज्ञांच्या हातींही हें घडतें. सरकारी संशोधनसंस्थांनीं तयार केलेला, शेतकऱ्यांस दरवर्षीं राखून पेरतां येईल असा बिकानेरी नरमा बीटी नांवाचा सरळ वाण २००९ सालीं बाजारांत आला आणि लौकरच मागें घ्यावा लागला. पुढें त्याच्या बियाण्यांत खाजगी कंपनीच्या वाणांतलें जनुक मिसळलेलें असल्याचें चौकशींत दिसून आलें. जेथें कुंपणें, पाट्या आणि नोंदवह्या आहेत तेथें ही कथा, तर गांवच्या जिनिंगची काय सांगावी! म्हणून बियाण्याची सरकी मोठ्या यंत्रांतून काढूं नये. ती घरीं हातानें किंवा लहानशा रेच्यानें काढावी.

तपासणीही आतां अवघड राहिलेली नाहीं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें तयार केलेली एक कागदाची पट्टी आहे. पान किंवा सरकी पाण्यांत चुरडून पट्टी त्यांत बुडविली कीं, बीटीचें विष असल्यास रेघ उमटते. मात्र किती बिया तपासावयाच्या याचें गणित विसरूं नये. बियाण्यांत शंभरांत एक बी परकी असेल, आणि आपण शंभर बिया काढून तपासल्या, तरी ती आपल्या हातीं न लागण्याचा संभव तीन वेळांत एकदां असतो. तीनशें तपासल्या, तर तो वीस वेळांत एकदां इतका खालीं येतो. दहाबारा बिया तपासून "आमचें बियाणें शुद्ध आहे" म्हणणें ही स्वतःचीच फसवणूक आहे. व्यापाऱ्यांकडील तपासणी याहून सूक्ष्म असते. कापसांत असें जनुक शोधण्याची एक आंतरराष्ट्रीय रीत २०१९ सालीं ठरविण्यांत आली आहे. आणि रुई जरी निर्दोष असली, तरी जिनिंगनंतर तिच्यांत सरकीचे बारीक तुकडे राहतात, ते त्या तपासणींत सांपडतात. त्या वेळीं तो दोष परागाचा, गोणपाटाचा, कीं यंत्राचा, हें कोणी विचारीत नाहीं. माल परत येतो.

आणि मग मुख्य प्रश्न येतो: नुकसान कोणाचें? या प्रश्नाचीं दोन देशांनीं दोन उत्तरें दिलीं. जर्मनींत २००८ च्या नियमांनीं असें ठरविलें कीं, जनुक बदललेला मका लावणारानें साध्या मक्यापासून दीडशें मीटर आणि सेंद्रिय मक्यापासून तीनशें मीटर दूर राहावें. शिवाय शेजाऱ्याच्या पिकाची हानि झाल्यास भरपाईचें ओझें लावणारावरच टाकलें. नोव्हेंबर २०१० मध्यें तेथील सर्वोच्च घटनान्यायालयानें तो कायदा योग्य ठरविला. त्याच वर्षीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत कोजोनप या गांवीं निराळेंच घडलें. एका शेतकऱ्यानें जनुक बदललेल्या कॅनोलाचें, म्हणजे मोहरीच्या जातीच्या एका गळिताचें, पीक कापून शेतांत पसरलें होतें. वाऱ्यानें त्याच्या काड्या उडून शेजारच्या सेंद्रिय शेतांत गेल्या. सेंद्रिय शेतकरी गहूं, ओट आणि मेंढ्या यांवर जगणारा. कॅनोलाशीं संकर होईल असें पीक त्याच्याकडे नव्हतेंच, आणि पुढच्या वर्षीं त्याच्या रानांत उगवलेलीं परकीं रोपें निघालीं तीं आठ. तरी त्याच्या सुमारें सत्तर टक्के जमिनीचें प्रमाणपत्र काढून घेण्यांत आलें. तो न्यायालयांत गेला. २०१४ सालीं निकाल विरुद्ध लागला: शेजाऱ्यानें कायदेशीर पीक नेहमींच्या रीतीनें घेतलें, त्यांत त्याचा दोष नाहीं, आणि प्रमाणन संस्थेनें जमीन रद्द केली हेंच मुळांत तिच्या नियमांस धरून नव्हतें, असें न्यायाधीशांचें म्हणणें पडलें. २०१५ सालीं अपिलांत दोन विरुद्ध एक अशा मतानें तोच निकाल कायम झाला आणि २०१६ सालीं वरच्या न्यायालयानें दाद घेण्याचें नाकारलें.

या निकालांत दोघां शेतकऱ्यांपलीकडे एक तिसरा पक्ष उघडा पडतो, याकडे मी लक्ष वेधीन. आठ रोपांसाठीं शेंकडों एकर रद्द करणारा नियम हा सेंद्रिय शेतकऱ्याचा रक्षक कीं शत्रू? परागाचा मुळींच स्पर्श नको, असा सोंवळेपणा जेथें दहांतील नऊ एकर बीटी आहेत तेथें पाळणें अशक्य आहे. शेतकऱ्यानें कोणतें बियाणें पेरलें आणि कोणती दक्षता घेतली, यावर त्याचा न्याय व्हावा. वाऱ्यानें आणि माशीनें काय केलें, यावर होऊं नये. ग्राहकांना हें पटवून देणें कठीण जाईल, पण तें केल्यावांचून लहान शेतकऱ्यास या धंद्यांत उभें राहणें पुढेंमागें अशक्य होईल.

शेवटीं पलीकडच्या शेतकऱ्याविषयीं. हा सारा प्रश्न त्याच्या कृपेचा आहे अशी समजूत असते, ती बरोबर नाहीं. त्यांत त्याचाही स्वार्थ आहे. बीटी कपाशीबरोबर कांहीं साधी कपाशी लावावी, कडेच्या पांच ओळी किंवा क्षेत्राचा पांचवा हिस्सा यांपैकीं जें अधिक तें, असा नियम २००२ पासूनच होता. साध्या कपाशीवर वाढलेल्या, विषाची संवय नसलेल्या अळ्यांचे पतंग बीटीवरील चिवट पतंगांशीं जोडी जमवितात, आणि त्यामुळें चिवट वंश वाढावयास वेळ लागतो, ही त्यांतील कल्पना. पुष्कळांनीं ती साध्या सरकीची पुडी बांधावर फेंकून दिली. गुलाबी बोंडअळी कपाशीवांचून दुसरीकडे सहसा जगत नाहीं. तिला साधी कपाशी मिळेनाशी झाली. २०१० सालीं गुजरातेंत ती एका जनुकाच्या बीटीस दाद देत नसल्याचें जाहीर झालें, आणि २०१७ सालीं दोन जनुकांच्या बीटीवरही तिनें महाराष्ट्रांत जो हाहाकार केला, तो आपल्या स्मरणांत आहे. अशा मुलखांत सेंद्रिय शेतकऱ्याचें शेत म्हणजे शेजाऱ्यानें न लावलेली ती साधी कपाशीच होय. तिच्यांत बीटीचा पराग मिसळूं लागला, तर तिच्या बोंडांतही थोडथोडें विष उतरतें, आणि अळीला त्या विषाची संवय करून देण्याची शाळाच तेथें उघडते. म्हणून पराग अलीकडे येऊं नये, यांत पलीकडच्याचेंही हित आहे. त्यानें थोडी साधी कपाशी नेमकी या धुऱ्याकडे लावली, तर शेजाऱ्यास तेवढें अंतर फुकट मिळतें.

मात्र हें साधण्यास त्यानें काय पेरलें आहे, हें त्यास स्वतःस ठाऊक पाहिजे. जून २०१९ मध्यें अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें, परवानगी नसलेली, तणनाशक सहन करणारी कपाशी शेतकऱ्यांनीं उघडपणें पेरली. अशा सरकीच्या पुडीवर खरें नांव नसतें, आणि तिच्यांतलें तणनाशकाचें जनुक मघांशीं सांगितलेल्या कागदी पट्टीवर दिसत नाहीं. पुडीवर नांव नसलें तरी घेणारास तें ठाऊक असतें. तो तें तपासनिसास सांगणार नाहीं, पण विश्वासानें विचारणाऱ्या शेजाऱ्यास सांगेल. हें विचारणें वैशाखांत, बियाणें घरांत येण्यापूर्वीं झालें पाहिजे. एकदां मृग लागला कीं कोणी धुऱ्यावर बोलत बसत नाहीं.